ताईंच्या नव्या गाण्याचा व्हिडिओ: मालवणातल्या कामाच्या नोंदी (जानेवारी ते एप्रिल २०२५)

मी मालवणात लग्नाचे आणि बारशाचे व्हिडिओ करतो. गाण्याचा व्हिडिओ पहिल्यांदाच केला. या नोंदी रोज रात्री मोबाईलवर लिहिल्या होत्या, आता थोड्या साफ करून टाकतोय. किनाऱ्यावर असं काही करायला निघणाऱ्याचे चार पैसे वाचले तर बरं.

४ जानेवारी, शनिवार

मुंबईहून फोन. कॅसेटच्या जमान्यात ज्यांचं गाणं आमच्या एसटी स्टँडवरच्या टपरीत सकाळी सुरू व्हायचं ते रात्री शटर पडेपर्यंत, त्या गायिका. माहेर इथलंच. चौदा वर्षं गाणं बंद होतं, आता एक नवीन गाणं काढायचंय, व्हिडिओसकट. नाव इथे नको, ताई पुरे.

बजेट १ लाख ७० हजार. मी हो म्हटलं. किती लागतात याचा मला पत्ता नव्हता.

७ जानेवारी

ताईंना आधी त्यांचं जुनं गाजलेलं गाणंच पुन्हा करायचं होतं. दोन दिवस त्यातच गेले. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षं टिकतो आणि तो कॅसेट कंपनीकडे आहे. नुसतं नव्याने गाऊन ऑडिओ काढायचा तर कायद्यात त्याची रीतसर वाट आहे, पण चित्रासोबत वापरायचं म्हटलं की मूळ मालकाची वेगळी परवानगी. तिकडून उत्तर येईपर्यंत पावसाळा उजाडेल. नवीन गाणंच करायचं ठरलं. कुडाळच्या एका मास्तरांनी चाल आधीच बांधून ठेवलेली होती.

१९ जानेवारी, रविवार

रेकॉर्डिंग, कुडाळ. ताई म्हणाल्या, "मी कायम काळी चारलाच गायले." मास्तरांनी सगळा ट्रॅक काळी चारमध्येच, म्हणजे पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीत, करून ठेवलेला. मुखडा छान झाला. अंतऱ्यातल्या वरच्या जागेवर आवाज ताणला जाऊ लागला. अकरा टेक. बाराव्याला ताई स्वतःच हेडफोन काढून बाहेर ओट्यावर जाऊन बसल्या आणि चहा मागितला.

मास्तरांनी कॉम्प्युटरवर ट्रॅक दोन अर्धस्वर खाली ओढला, काळी तीन. आवाज लगेच मोकळा झाला, पण ढोलकीचा जीव गेला. ढोलकी अशी खाली ओढली की शाईवरचा टणत्कार जातो, पत्र्याच्या डब्यावर वाजवल्यासारखी लागते. मास्तर म्हणाले, मिक्सिंगमध्ये बघू. इथे मी अडून बसायला हवं होतं.

२३ जानेवारी

मिक्सिंगमध्ये काही झालं नाही. ढोलकीवाल्याला परत बोलावलं: ३,५००. ताईंचा आवाजही पुन्हा, खालच्या पट्टीत निवांत बसून: स्टुडिओचे ४,०००. पट्टी ठरवायला गायकाला आधी नुसत्या पेटीवर अर्धा तास गाऊन घ्या. वीस वर्षांपूर्वीची पट्टी विचारून ट्रॅक करू नका.

मधल्या तुकड्यात मास्तरांनी ताशाचा एक तयार लूप (पुन्हा पुन्हा वाजवता येणारा तुकडा) वापरलाय, इंटरनेटवरून पैसे भरून घेतलेला. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. (३० मार्चची नोंद बघा.)

२९ जानेवारी

जागा बघितल्या. सिंधुदुर्ग किल्ला केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे, आत व्यावसायिक शूटिंग करायचं तर आधी परवानगी काढावी लागते. तेवढा वेळ नाही. दांडीच्या किनाऱ्यावरून तो मागे आपसूक दिसतो, तेवढा पुरे.

ड्रोनचा नाद सोडला. २०२१ च्या नियमांनुसार उडवण्याआधी हिरवा, पिवळा, लाल असा नकाशा बघावा लागतो. विमानतळाजवळ पिवळं, म्हणजे परवानगी लागणारं, असतं आणि आपल्याला चिपी विमानतळ लागून. लग्नात उडवणारे उडवतात, ते मला माहीत आहे. इथे मात्र गाणं सगळ्यांसमोर जाणार, ताईंचं नाव त्यावर. त्यापेक्षा माडावर चढणाऱ्या एका पोराला छोटा कॅमेरा देऊन वर पाठवला. ३०० रुपये आणि एक शहाळं. वरून झावळ्यांच्या फटीतून किनारा दिसतो, तसा शॉट ड्रोनला मिळत नाही.

५ फेब्रुवारी

कपडे. जुन्या कॅसेटच्या कव्हरवर ताई टिकल्यांच्या घागऱ्यात आहेत. तसाच शिवून घेतला, ११,००० रुपये. अंगणात टेस्ट केली तर उन्हात टिकल्या अशा चमकतात की चेहरा काळा पडतो. चेहऱ्याला उजेड द्यावा तर घागरा पांढराफटक. घागरा ट्रंकेत.

नाचणाऱ्या बारा मुलींसाठी नृत्य बसवणाऱ्याने मुंबईहून कोळी पद्धतीचं नेसणं आणलं. शेजारच्या काकी तालीम बघायला आल्या होत्या. दोन मिनिटं बघून म्हणाल्या, "ह्या आमचा नेसणा न्हय." खरंच आहे. मालवणचा मच्छीमार समाज प्रामुख्याने गाबित, आणि टीव्हीवर बघून बघून आपल्याला किनारा म्हटलं की मुंबईचं कोळीगीतच डोळ्यांसमोर येतं. मी इथलाच, मला कळायला हवं होतं. काकींनीच चार घरांतून साध्या सुती साड्या जमवल्या आणि मुलींना कासोटा घालून दाखवला. खर्च शून्य. ताईंनीही त्यातलीच एक निळी उचलली.

८ फेब्रुवारी, शनिवार. शूटिंगचा पहिला दिवस

सगळ्यात वाईट दिवस, म्हणून सविस्तर.

ठरवलेलं असं: सकाळी साडेसहाला दांडीवर, ओल्या वाळूत आभाळ उतरलेलं, त्यात ताई चालत येतात. पोचलो तर वाळूच नव्हती. पाणी वर चढत होतं आणि वरचा जेमतेम पंधरा पावलांचा कोरडा उतार उरलेला. होडीवाल्याने विचारलं, "आज एकादशी. एकादशीक सकाळी भरती असता, ह्या तुका कोणी सांगूक नाय?"

सांगितलं होतं. लहानपणी आजोबांनी. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. एकादशी म्हणजे ११, त्याची पाऊणपट सव्वाआठ. सकाळी सव्वाआठला पूर्ण भरती, दुपारी सव्वादोनच्या सुमाराला ओहोटी. फोनमधल्या तक्त्यापेक्षा अर्ध्या तासाचा फरक पडतो, पण शूटिंगची तारीख ठरवायला एवढं पुरतं. मी तारीख ठरवली ती नाचणाऱ्या मुलींच्या कॉलेजची सुट्टी बघून.

दुसरं, सकाळचं ऊन. आपला समुद्र पश्चिमेला. सूर्य मागे माडांतून येतो आणि वाळूवर ऊन पडायला आठ वाजतात. तोवर सगळं निळसर, सपाट. याचा फायदा एकच, ताईंचे जवळचे शॉट त्या मऊ उजेडात छान झाले. ठरवून केलेलं काही नाही.

तिसरं, स्पीकर. एक लाट वर आली, केबलचा जोड भिजला आणि स्पीकरने एकदा खर्र केलं ते शेवटचं. भाड्याचा होता. भरपाई ६,५००.

साडेनऊला दुसरा स्पीकर आला. नऊ जणी दोन होड्यांत, ताई पहिल्या होडीत, गाणं किनाऱ्यावर. पहिली होडी स्पीकरपासून वीसेक मीटर, दुसरी सत्तरेक. पडद्यावर बघतो तर दुसऱ्या होडीतल्या मुली सतत मागे. मी त्यांच्यावर ओरडलो, नृत्यवाला ओरडला, एक मुलगी रडायला लागली. मग ताई म्हणाल्या, "अरे, त्यांना आवाजच उशिरा पोचतोय." आवाज सेकंदाला ३४० मीटर जातो. पन्नास मीटरला सेकंदाचा सातवा हिस्सा, म्हणजे व्हिडिओच्या जवळजवळ चार फ्रेम. मुली बरोबर नाचत होत्या, त्यांना ऐकू येणाऱ्या गाण्यावर. स्टेजवर आयुष्य काढलेल्या बाईला हे माहीत होतं, आम्हाला नव्हतं.

प्रत्येक होडीत ब्लूटूथचा छोटा स्पीकर ठेवून बघितला. दोन्ही स्पीकर वेगवेगळे रेंगाळतात, गोंधळ वाढला. शेवटी किनाऱ्यावर एका पोराला खांद्यावर लाल पंचा देऊन उभा केला. दर समेवर पंचा खाली. दिसणं दोन्ही होड्यांना एकदमच पोचतं. चौथ्या टेकला जमलं. रडलेल्या मुलीची माफी मागितली.

अकरानंतर समुद्रावरून वारा सुटला, पदर तोंडावर. बंद केलं.

९ फेब्रुवारी, रविवार

रापण. दोर किनाऱ्यावर दोन बाजूंनी वीस-पंचवीस माणसं ओढतात आणि मध्ये अर्धगोल जाळं हळूहळू काठाला येतं, हे ज्यांनी बघितलं नसेल त्यांनी चिवल्यावर किंवा दांडीवर पहाटे जाऊन बघावं. गाण्यात हे हवंच होतं. ताईंनी दोर ओढायचा आणि मुखडा गायचा.

कॅमेरा लावेपर्यंत जाळं काठाला आलं होतं. मी म्हटलं, अजून एकदा पाण्यात सोडून नुसतं ओढून दाखवा, पैसे देतो. रापणीचे म्होरके, वय सत्तरीपुढचं, माझ्याकडे बघत राहिले. "रिकामी रापण कोण ओढता? मासो नाय तर दोराक हात लावचो नाय." पैशाचा विषय तिथेच संपला. जाळं नीट आवरून होडीत भरायचं, पुन्हा समुद्रात फिरवून आणायचं, वीस माणसांची मेहनत. ती फुकट घालवायची आणि वर त्याचा पिक्चर काढायचा?

ठरलं असं की ते त्यांच्या वेळेला दुसरी रापण लावतील, आम्ही आमचं बघायचं. कुणाला थांबवायचं नाही, कुणाला पुन्हा कर म्हणायचं नाही. स्पीकर बंद, कारण त्यांच्या हाकांवर ओढ चालते. ताई दोराला लागल्या. दहा मिनिटांत तळहात लाल. गाण्याचे शब्द कधीच सुटले. जाळं काठाला आलं, तारली आणि थोडे बांगडे. ताई वाकल्या, एक बांगडा उचलला, अंगठ्याने कल्ला वर करून आतला लाल रंग बघितला आणि शेजारच्या बाईला म्हणाल्या, "कसो दिलंस?" कॅमेरा चालू होता.

हा शॉट कुठे लावायचा ते तेव्हा कळलं नाही. ओठ हलतायत, पण गाणं नाही.

लेन्सबद्दल एक. खाऱ्या हवेचा पातळ थर फिल्टरवर बसतो, घाईत कोरड्या कापडाने पुसला तर मीठच काचकागदासारखं घासतं. ३,२०० चा फिल्टर असा गेला. तो माझाच होता, म्हणून हिशोबात धरलेला नाही. नंतर पिण्याच्या पाण्याचे चार थेंब टाकून आधी मीठ विरघळवायचं आणि मग कापड नुसतं टेकवायचं, असं केलं.

१४ फेब्रुवारी

एडिटिंग. संथ गतीतले शॉट जुळत नाहीत.

पद्धत अशी असते: कॅमेरा सेकंदाला ५० फ्रेमवर, गाणं दुप्पट वेगाने वाजवायचं, गायिकेने त्या उंदराच्या आवाजातल्या गाण्यावर ओठ हलवायचे. नंतर २५ फ्रेमने चालवलं की हालचाल संथ आणि ओठ मूळ गाण्यावर बरोबर. ताईंना हसू आवरेना, पण तिसऱ्या टेकपासून त्यांनी अचूक केलं होतं.

चूक माझी. एडिटिंगची टाइमलाइन मी सवयीने २४ ला लावली. आमचा मुखडा २४ सेकंदांचा. दुप्पट वेगाने १२, त्यात ६०० फ्रेम. ६०० फ्रेम २४ ने चालवल्या की २५ सेकंद. सुरुवातीला ओठ बरोबर आणि मुखडा संपेपर्यंत एक सेकंद मागे. मी दीड दिवस ताईंना दोष देत होतो, मनातल्या मनात का होईना.

तपासायची सोपी खूण: प, ब, म. या अक्षरांना ओठ मिटावेच लागतात. पहिल्या ओळीतला 'म' जुळतो आणि शेवटच्या ओळीतला जुळत नाही, म्हणजे फ्रेमचा हिशोब चुकलाय. दोन्ही सारखेच चुकले तर शॉट नुसता सरकवायचा.

सगळी टाइमलाइन २५ वर नव्याने बांधली. साधे शॉट २४ ने घेतलेले, त्यात सेकंदाला एक फ्रेम दुहेरी येते, भराभर कटमध्ये कुणाला दिसत नाही. होडी संथ सरकते त्या एका शॉटला बारीक झटका दिसतो. तो आहे तसा ठेवलाय.

१८ फेब्रुवारी

ओल्या वाळूचा शॉट नाही. गाण्याच्या सुरुवातीला दुसरं काही उभंच राहत नाही. पुन्हा शूटिंग. या वेळी तारीख तिथीवरून. अमावास्येला १५ ची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे संध्याकाळी साडेपाचच्या आसपास ओहोटी, सूर्यास्त पावणेसातच्या आत. उधाणाचे दिवस असल्याने पाणीही लांबवर मागे जातं. पौर्णिमेलाही हेच जमतं. अष्टमीला उलट, संध्याकाळी सहाला भरती. २७ फेब्रुवारी ठरली.

२५ फेब्रुवारी

उद्या महाशिवरात्र. जनरेटरवाला कुणकेश्वरच्या जत्रेला, स्पीकरवाला कुणकेश्वरला, ज्याची गाडी आहे तो कुणकेश्वरला. आंगणेवाडीची जत्रा आटपली म्हणून मी निर्धास्त होतो. आपल्याकडे फेब्रुवारी-मार्चमध्ये तारीख ठरवताना पंचांगात तिथी बघितली की त्याच पानावर जत्राही दिसतात, तेवढी नजर खाली न्यावी. शेवटी रिक्षाच्या बॅटरीवर गाडीतला ॲम्प्लिफायर चालवायचं ठरलं.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

पाच वाजता दांडी. पाणी मागे, वाळू आरशासारखी. वाळू ओली दिसायला हवी, पण पाय रुतायला नको, असा पट्टा पाण्यापासून दहा-बारा पावलांवर असतो, आणि वाळलेला आरसा धुरकट होतो. त्यामुळे पट्टा सरकेल तसं कॅमेऱ्यानेही सरकायचं. ताईंनी अनवाणी सहा वेळा चाल केली. पाचवी घेतली आहे. सहाव्यात मागून एक कुत्रा आला, तोही बरा होता.

सव्वासहाला पाणी परत फिरलं. एकूण पाऊण तास मिळाला, त्यासाठी २९,५०० गेले.

५ मार्च

रंग आणि चेहरा. एडिटरने न विचारता ताईंच्या चेहऱ्यावर सुरकुत्या पुसणारं टूल फिरवलं. स्थिर शॉटमध्ये ठीक. ओल्या चेहऱ्यावर, केस उडताना, ते टूल दर फ्रेमला वेगळा अंदाज करतं आणि गाल लुकलुकतात. तो कमी-जास्त करत बसला. ताईंना दाखवलं. त्यांनी दोनदा बघितलं. "काढून टाक. माझेच ओठ मला उसने वाटतायत." काढलं. चार तास वाचले असते.

बांगड्याचा शॉट दुसऱ्या अंतऱ्याआधीच्या ताशाच्या तुकड्यावर लावला. तिथे गाणं नाहीच, त्यामुळे ओठांचा प्रश्नच मिटला.

१३ मार्च

शिमगा. एडिटर गावी. काम बंद, आणि यात कुणाची चूक नाही.

१७ मार्च

गाणं वितरकाकडे (ॲपवर गाणी पोचवणारी कंपनी) चढवलं. पाडव्याला, ३० मार्चला काढायचं. स्पॉटिफायवर संपादकांकडे गाणं सुचवायचं तर निदान सात दिवस आधी ते पोचलेलं लागतं. तेरा दिवस हातात होते. प्रत्येक रेकॉर्डिंगला ओळखीसाठी आयएसआरसीचा बारा अक्षर-अंकांचा कोड लागतो, तो वितरकाकडून मिळाला. हा कोड जपून ठेवा, वितरक बदलला तरी गाण्याला तोच द्यायचा.

३० मार्च, रविवार. पाडवा

सकाळी गुढी उभारली, नऊ वाजता व्हिडिओ. सव्वानऊला हक्कदावा. कुणा दुसऱ्याच गाण्याच्या मालकाच्या नावाने, आमच्या गाण्यातल्या १ मिनिट ५० सेकंदांपासून पुढच्या तुकड्यावर. तोच ताशाचा लूप. पैसे भरून घेतलेला लूप आपल्याला वापरायला मिळतो, पण तो आपला एकट्याचा नसतो. आणखी कुणी तोच वापरून गाणं नोंदवलं असेल तर यंत्राला दोन्ही सारखीच वाटतात. लूपची पावती जोडून हरकत नोंदवली. एकीकडे उत्तराची वाट, दुसरीकडे गोडधोडाच्या ताटावर मास्तरांचा फोन: "मी ताशेवाल्याला आणून वाजवून घेतो." जानेवारीत दीड हजारात झालं असतं.

वर आणखी एक. ऑडिओच्या एका ॲपवर ताईंचं गाणं त्यांच्याच नावाच्या दुसऱ्या एका गायिकेच्या पानावर जाऊन बसलं. चढवताना 'आधीचं पान आहे का' या प्रश्नाला मी घाईत 'नाही' म्हटलं होतं.

८ एप्रिल

हरकत मान्य, दावा उठला. पानही दुरुस्त झालं.

हिशोब. ऑडिओ, मिक्सिंग, पुन्हा केलेली ढोलकी आणि आवाज धरून ६०,५००. पहिले दोन दिवस शूटिंग ७४,०००. पुन्हा शूटिंग २९,५००. एडिटिंग, रंग २५,०००. घागरा ११,०००. स्पीकर ६,५००. वितरण १,५००. एकूण २ लाख ८ हजार, म्हणजे ३८ हजार वर. त्यातले वीस ताईंनी दिले, बाकी माझ्या शिकवणीचे. घागरा विकायचाय, कुणाला हवा असेल तर सांगा.

१२ एप्रिल

रापणीच्या म्होरक्यांना व्हिडिओ नेऊन दाखवला. त्यांनी फोन लांब धरून पूर्ण बघितला, मग मागे नेऊन पुन्हा बघितला. "गाणा बरा आसा. पण बाईन दोर उलटो धरलेलो."

घरी येऊन बघितलं. उलटाच आहे.